स्वयंचलित फाइल-प्रेषणाची विश्वासार्हता

१२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वीजवाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबईसह ठाणे परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा क्षणी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याची वेतनाची फाइल ठाण्यातील बँकेच्या संगणकाकडे आपोआप जात असेल, तर काय घडेल? १९८५ मध्ये प्रमाणित झालेल्या एफटीपी पद्धतीत अर्धवट फाइलही मूळ नावानेच पोहोचू शकते. बँकेच्या संगणकाने ती पूर्ण समजून वापरल्यास यादीच्या शेवटी असलेले कामगार वेतनापासून वंचित राहतील.

हे टाळण्यासाठी फाइल प्रथम तात्पुरत्या नावाने पाठवावी. एसएचए-२५६ सारख्या सूत्राने काढलेला तिचा गणिती ठसा दोन्ही टोकांना जुळल्यावरच तिला अंतिम नाव द्यावे. त्यानंतर बँकेच्या संगणकाने पोच पाठवावी; ती न आल्यास ठरावीक अंतराने पुनर्प्रेषण व्हावे. मात्र, फाइल पोहोचून केवळ पोच हरवली असेल, तर तेच वेतन दोनदा जमा होण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक फाइलला स्वतंत्र क्रमांक असावा आणि एकदा नोंदलेला क्रमांक पुन्हा स्वीकारला जाऊ नये.

तात्पर्य, प्रेषण केव्हाही खंडित होईल हे गृहीत धरूनच रचना करणे, हे विश्वासार्हतेचे मर्म होय.