मुद्दल, व्याज आणि दरमहाचा हप्ता

चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून चिखलीतल्या, अनामत भरून अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या खोलीवर परतणारा आणि उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करून खाणारा कामगार जे चार पैसे गाठीस बांधतो, त्यांचे खरे मोल कर्जाच्या हप्त्याचे गणित उमगल्यावाचून त्यास कळावयाचे नाही. समजा, घरासाठी दहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढले. हप्ता सुमारे ८,९९७ रुपये पडतो. पैकी पहिल्या महिन्यात ७,५०० रुपये व्याजातच जातात व मुद्दल फिटते अवघे १,४९७. कारण व्याजाची आकारणी शिल्लक मुद्दलावर होते आणि आरंभी ते जवळजवळ सगळेच शिल्लक असते. हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजाहून मोठा होण्यास बारा वर्षांहून अधिक काळ लोटतो! मात्र प्रारंभापासून दरमहा हजार रुपये जादा भरल्यास ते सर्वस्वी मुद्दलात वळते होऊन २४० ऐवजी सुमारे १८६ हप्त्यांत गहाण सुटते.

भाडे तेवढे वाया जाते, हा समज मला अर्धवट वाटतो; व्याज हेही पैशाचे भाडेच. शिवाय १९७२ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने आपले भूखंड ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिले, त्यामुळे तेथे घर घेणारा बंगलेवालाही दप्तरी पट्टेदारच ठरला.