शारदा नाटक, शारदा कायदा आणि जुळवलेली लग्ने: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १३ जानेवारी १८९९ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले. देवल मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरच्या या गावात १३ नोव्हेंबर १८५५ रोजी त्यांचा जन्म झाला. नाटकाचा विषय जरठ-कुमारी विवाहाचा. पंचाहत्तरीला पोचलेला श्रीमंत भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित त्याच्यासाठी मुलगी शोधतो आणि पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी द्यायला तयार होतो. ती मुलगी म्हणजे शारदा. सारा सौदा तिच्या आयुष्याचा, पण तिला विचारण्याची गरज घरात आईखेरीज कोणाला फारशी वाटत नाही. ऐन मांडवात कोदंड हा सुधारक तरुण लग्न थांबवतो. जीव द्यायला नदीवर गेलेल्या शारदेला तो वाचवतो आणि शेवटी तिचे लग्न त्याच्याशीच होते.

या नाटकाविषयी एक विधान महाराष्ट्रात वर्षानुवर्षे ऐकू येते. व्याख्यानात, शाळेच्या भाषणात, वर्तमानपत्रातल्या पुरवणीत ते येते आणि सांगली-साताऱ्याकडे तर अभिमानाने सांगितले जाते. देवलांच्या नाटकाने देश हलला, सरकारला बालविवाहाविरुद्ध कायदा करावा लागला आणि म्हणून त्या कायद्याला ‘शारदा कायदा’ हे नाव पडले, असे ते विधान आहे. त्यातला नावाचा भाग साफ चूक आहे. बाकीच्या भागालाही आधार नाही.

हा कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. सारडा यांचा जन्म १८६७चा. ते आर्यसमाजी विचारांचे होते, न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले होते आणि इतिहासावर लिहीत असत. केंद्रीय विधिमंडळाचे सभासद असताना १९२७ साली त्यांनी हिंदू बालविवाहांसंबंधी विधेयक मांडले. आडनाव हिंदीत ‘शारदा’ असेही लिहिले जाते. मराठी वाचकाला ‘शारदा विधेयक’ हे शब्द दिसले आणि देवलांची शारदा त्याच्या मनात आधीपासून होतीच. गैरसमजाला एवढे पुरले. कायद्याच्या मजकुरात मात्र सारडाही नाहीत आणि शारदाही नाही. त्याचे अधिकृत नाव ‘बालविवाह प्रतिबंधक कायदा, १९२९’ एवढेच आहे.

तारखा शेजारी ठेवल्या तरी हा दावा टिकत नाही. नाटक १८९९चे, देवल वारले १४ जून १९१६ रोजी आणि विधिमंडळाने विधेयक मंजूर केले २८ सप्टेंबर १९२९ रोजी. नाटक आणि कायदा यांत तीस वर्षांचे अंतर आहे. या तीस वर्षांत पुष्कळ माणसांनी पुष्कळ झीज सोसली, आणि सगळे श्रेय एका नाटकाला दिले की ती माणसे पुसली जातात. या गैरसमजाची खरी हानी ही आहे.

त्यांतली काही नावे तरी माहीत असायला हवीत. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाहावरची टिपणे प्रसिद्ध करून देशभर वाद पेटवला. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी लावलेले लग्न मोठेपणी नाकारण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले. त्या वादात टिळक विरोधात होते. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर ‘सुधारक’ पत्रातून कायद्याची बाजू लढवत होते. सातारा जिल्ह्याला या विषयातला अभिमान बाळगायचा असेल तर आगरकरांचे लेखन त्यासाठी पुरेसे आहे. १८९५ साली ते गेले तेव्हा ‘शारदा’ रंगभूमीवर यायचीच होती. पुढे १९०४ साली सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात बालविवाहाला कायद्याने आळा घातला. जानेवारी १९२७मध्ये अखिल भारतीय महिला परिषद पुण्यात प्रथम भरली, आणि सारडांच्या विधेयकामागे स्त्रियांनी संघटितपणे जोर लावला.

मराठी माणसाचा या कायद्याशी थेट संबंध शोधायचा तर तो मोरोपंत जोशी यांच्यापाशी सापडतो. १९२८ साली सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अमरावतीचे नामांकित वकील सर मोरोपंत विश्वनाथ जोशी तिचे अध्यक्ष होते. समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा असावे अशी शिफारस केली. सारडांच्या मूळ विधेयकात ते बारा होते. अंतिम कायद्यात मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा ही वये आली, आणि कायदा केवळ हिंदूंपुरता न राहता सर्व धर्मीयांना लागू झाला. मोरोपंत जोशींचे नाव आज महाराष्ट्रात क्वचितच कोणी घेते.

याच गैरसमजाचा दुसरा अर्धा भाग अधिक गंभीर आहे. नाटकातल्यासारखी लग्ने या कायद्याने बंद केली, असे धरून चालले जाते. कायद्याने ज्याला हात लावला तो बालविवाह होता, जरठविवाह नव्हे. वधूला चौदा वर्षे पूर्ण झाली असतील तर वर पंचाहत्तर वर्षांचा असला तरी कायद्याला हरकत नव्हती. वयाच्या अंतरावर त्यात एक शब्दही नाही. वधू चौदाच्या आतली असेल तर एकविसाच्या पुढच्या नवऱ्याला जास्तीत जास्त एक महिना साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढी शिक्षा होती. लग्न लावणारा भद्रेश्वरासारखा माणूस आणि ते होऊ देणारा बाप यांनाही एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकत होती. पण तक्रार करणाऱ्यालाच शंभर रुपयांपर्यंतचे बंधपत्र द्यावे लागू शके, आणि वर्षाच्या आत तक्रार झाली नाही तर पुढे काही करता येत नसे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षा झाली तरी लग्न वैधच राहत असे. हजार रुपये भुजंगनाथाने सहज भरले असते आणि शारदा त्याची बायको म्हणूनच राहिली असती.

शिवाय कायदा मंजूर झाला सप्टेंबर १९२९मध्ये आणि अमलात आला १ एप्रिल १९३० रोजी. मधल्या सहा महिन्यांत देशाच्या अनेक भागांत आईबापांनी घाईघाईने लहान मुलींची लग्ने उरकून घेतली. १९३१च्या जनगणनेत त्याचा परिणाम स्पष्ट दिसला. लग्न होण्याआधीच न्यायालयाकडून मनाई मिळवण्याची सोय १९३८च्या दुरुस्तीने झाली. मुलीचे वय १९४९ साली पंधरा झाले. अठरा आणि एकवीस ही आजची वये १९७८ सालची आहेत.

जरठ-कुमारी विवाहावर नेमके बोट ठेवणारा कायदा हिंदुस्थानात होऊन गेला, पण तो म्हैसूर संस्थानात आणि ‘शारदा’च्या पाच वर्षे आधी, १८९४ साली. त्यात आठ वर्षांच्या आतल्या मुलीचे लग्न आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाने चौदाच्या आतल्या मुलीशी केलेले लग्न, दोन्ही गुन्हा ठरवले होते. ब्रिटिश मुलखात असे कलम कधीच आले नाही. कांचनभटाच्या व्यवहाराला थेट लागू पडेल असे काही देशाच्या कायद्यात यायला २००६ साल उजाडावे लागले. १ नोव्हेंबर २००७पासून अमलात असलेल्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार लग्नासाठी विकलेल्या अल्पवयीन मुलीचा विवाह मुळातच रद्दबातल ठरतो, आणि प्रौढ नवऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मग नाटकाचे काम काय झाले? ते मोठे झाले, पण वेगळ्या जागी. पौराणिक आणि संस्कृत कथानकांची सवय लागलेल्या संगीत रंगभूमीवर देवलांनी आपल्याच काळातले एक घर उभे केले आणि ज्या लग्नाकडे लोक देवाधर्माचा प्रश्न म्हणून पाहत होते ते खरेदी-विक्रीचा व्यवहार म्हणून दाखवले. पदे घरोघरी गेली आणि त्यांच्याबरोबर ती लाजही गेली. ‘जरठ-कुमारी विवाह’ म्हटले की मराठी माणसाला आजही भुजंगनाथ आठवतो, हे श्रेय खरे आहे आणि ते पुरेसे आहे. त्यासाठी खोटा कायदा जोडण्याची गरज नाही.

भद्रेश्वर दीक्षितामुळे आणखी एक समज रुजला आहे. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ म्हणजे लबाडच, असे मराठी नाटक-चित्रपटांनी जवळजवळ ठरवून टाकले. प्रत्यक्षात गावोगावचे मध्यस्थ बहुधा नात्यातले किंवा ओळखीचे असत आणि लग्न बिघडले तर बोल त्यांनाच लागत. भद्रेश्वराचा दोष लग्न जुळवणे हा नाही. मुलीच्या किमतीत त्याचा वाटा आहे, हा त्याचा दोष आहे. इतर समाजांत हेच पात्र उजळ रंगातही दिसते. ‘द मॅचमेकर्स’ या २०२३च्या कोरियन मालिकेत जोसॉन राजवटीच्या काळात गुपचूप लग्ने जुळवणारी तरुण विधवा हीच नायिका आहे आणि गोष्ट प्रेमाकडे, हसण्याकडे वळते. तिथल्या राजसत्तेला चिंता होती ती उशिरा होणाऱ्या लग्नांची. गरिबीमुळे तिशीजवळ येऊनही अविवाहित राहिलेल्या उच्चकुलीन मुलींना सरकारी मदत द्यावी, अशी तरतूद त्या राजवटीच्या पंधराव्या शतकातल्या विधिसंहितेत होती. आपल्याकडे त्याच्या नेमके उलटे दुखणे होते, म्हणून देवलांच्या हातून प्रियाराधनाचे नाटक न होता सुटकेचे नाटक झाले.

‘शारदा’तले लग्न मोडते ते वधूपक्ष आणि वर एकाच गोत्राचे निघाल्यामुळे. यावरून सगोत्र विवाह आजही बेकायदा आहे असे सांगणारे लोक भेटतात. तसे नाही. १९४०च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात माधवराव विरुद्ध राघवेंद्रराव या खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी गोत्र आणि प्रवर यांच्या मुळाची शास्त्राधारे चिकित्सा करून सगोत्र विवाह वैध ठरवला. गजेंद्रगडकर साताऱ्याचे; पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. १९४६च्या कायद्याने हाच नियम देशभर झाला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात निषेध आहे तो सपिंड आणि निषिद्ध नात्यांतल्या विवाहाचा. गोत्राचा त्यात संबंध नाही. घरच्यांनी नकार देणे वेगळे आणि कायद्याने नाकारणे वेगळे.

लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या असतात आणि पत्रिका त्या दाखवते, या समजुतीला तर शिक्षणाचाही फरक पडलेला नाही. छत्तीस गुण म्हणजे वर्णाच्या एकापासून नाडीच्या आठापर्यंतच्या आठ कूटांची बेरीज. त्यात स्वभाव, आरोग्य, पगार किंवा व्यसन यांपैकी काहीही तपासले जात नाही. शंका असणाऱ्यांसाठी एक प्रयोग नमूद करायला हवा. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा प्रत्येकी शंभर पत्रिका गोळा करून त्या ओळखण्याचे आव्हान ज्योतिषांना दिले. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस ज्योतिषांचे यश सरासरी शेकडा सेहेचाळीस भरले, म्हणजे नाणे उडवून जेवढे मिळाले असते त्यापेक्षाही किंचित कमी. निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. जी विद्या बुद्धीतला इतका ढळढळीत फरक ओळखू शकत नाही, तिच्या भरवशावर चांगली स्थळे नाकारली जातात आणि मुलींची वर्षे वाया जातात. हे थांबायला हवे.

काही लहान चुका थोडक्यात. ‘शारदा’चा पहिला प्रयोग सांगलीला झाला नाही, तो इंदूरला झाला. बालगंधर्व पहिली शारदा नव्हते. १८९९ साली ते दहा वर्षांचे होते आणि किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ साली, मिरजेला शकुंतलेच्या भूमिकेत. देवलांची सातही नाटके स्वतंत्र आहेत हाही भ्रम आहे. स्वतंत्र एकटे ‘शारदा’च. ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून आले, तर ज्याला अस्सल मराठी प्रेमविनोद मानले जाते ते ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे मोलिएरपर्यंत जाते. विष्णुदास भावे यांच्या ज्या ‘सीता स्वयंवर’ने सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी मराठी नाटकाची सुरुवात झाली असे मानतात, त्याच्याही दीडशेच्या आसपास वर्षे आधी तंजावरच्या भोसले दरबारात शहाजीराजे मराठी नाटके लिहीत होते. आणि नावात स्वयंवर असले तरी वाल्मीकींच्या कथेत सीता वर निवडत नाही. धनुष्य पेलेल त्याला ती द्यायची, हे जनकाने आधीच ठरवलेले असते.