साखरेचा दाणा आणि साखरेपासूनचं प्लास्टिक

गेल्या वार्षिक सभेनंतर चहापानाच्या वेळी एका जुन्या सभासदांनी आम्हांला गाठले. म्हणाले, "उसापासनं प्लास्टिक व्हतंय म्हणत्यात. मातीत कुजतंय म्हणं. मग आपला कारखाना मागं का? टनाला चार पैसं जादा मिळणार असतील तर आणखी एक ठेव कापा की!"

ठेव म्हणजे सभासदाच्या ऊसबिलातला पैसा. तो कापायची गोष्ट चहाच्या कपावर ठरत नसते. म्हणून आम्ही थोडे वाचन केले, आपल्या चीफ केमिस्ट साहेबांकडे दोन-तीन वेळा बसलो. जे समजले ते सभासदांपुढे ठेवतो.

पॅनवरचीच गोष्ट

आपल्या पॅन स्टेशनवर दाणा कसा धरतात हे अनेकांनी पाहिले असेल. साखर स्पिरिटमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बारीक दळून तिची स्लरी करतात. पाण्यात का दळत नाहीत? कारण पाण्यात साखर विरघळून जाईल आणि बी हाती लागणार नाही. अल्कोहोलमध्ये ती जवळजवळ विरघळत नाही. ही स्लरी पॅनमध्ये पडली की एकेका कणावर साखर चढत जाते. पण पॅनमनने घाई केली, पाणी फार वेगाने उडवले, तर फॉल्स ग्रेन पडतो, जाळीतून निसटतो आणि उतारा मळीत जातो. म्हणजे दाणा तीन गोष्टींवर ठरतो: द्रव कोणता, तो किती वेगाने निघून जातो आणि बी किती.

प्लास्टिकचेही असेच आहे. फरक एवढाच, की साखरेचा रेणू विटेसारखा आखूड असतो, विटेवर वीट बसावी तसा बसतो. प्लास्टिकचा रेणू म्हणजे लांबच लांब सुतळी. सुतळी घडीवर घडी बसली की स्फटिक होतो. गुंता तसाच राहिला तर स्फटिक होत नाही. एकाच वस्तूत काही भाग घड्यांचा, काही गुंत्याचा असतो. द्रावक, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारा किंवा फुगवणारा द्रव, ही सुतळी सैल करतो. द्रावक सावकाश उडाला तर घड्या पडायला वेळ मिळतो. झटकन उडाला तर गुंता आहे तसा थिजतो.

प्रयोगशाळेतला पेला

साखरेपासून होणाऱ्या प्लास्टिकांत मुख्य दोन. पहिले पॉलिलॅक्टिक ॲसिड, थोडक्यात पीएलए. साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड करायचे आणि त्याच्या रेणूंची साखळी ओवायची. थंड पेयासाठी मिळणारा असा एक पारदर्शक पेला आम्ही प्रयोगशाळेत नेला. साहेबांनी त्याचा तुकडा ॲसिटोनमध्ये टाकला. (ॲसिटोन चटकन पेट घेतो, घरी हा उद्योग कुणी करू नये.) तुकडा विरघळला नाही, पण थोड्या वेळाने पांढरा धुरकट झाला. वाळल्यावर वाकवला, तर कडकन मोडला.

झाले काय? हे प्लास्टिक साधारण ५५ ते ६० अंशांखाली काचेसारखे असते, त्यातली सुतळी जागची हलत नाही. म्हणूनच असल्या पेल्यात कढत चहा ओतला तर पेला मऊ पडतो. ॲसिटोन आत शिरला आणि थंडीतच सुतळी सैल झाली. घड्या पडल्या, बारीक स्फटिक उठले, त्यावर उजेड विखुरला म्हणून तुकडा पांढरा दिसला. क्लोरोफॉर्ममध्ये मात्र हेच प्लास्टिक पूर्ण विरघळते. माल एकच, द्रव वेगळा, परिणाम वेगळा.

मोठ्या कारखान्यांत पीएलए बहुतेक वितळवूनच करतात, द्रावक कमी लागतो. तिथे दाणा लवकर धरावा म्हणून टाल्कची बारीक पूड घालतात. आपल्या स्लरीचीच ही बहीण.

ब्राझीलच्या कारखान्याचा धडा

दुसरे प्लास्टिक पीएचबी. आपण पेवात ज्वारी साठवावी तसे काही जिवाणू हे प्लास्टिक अंगात साठवतात. फ्रान्सचे मॉरिस लेमोआन्य यांनी १९२० च्या दशकात ते ओळखले. जिवाणूच्या अंगात ते स्फटिकरूप नसते, मऊ गुंत्याच्या रूपात असते. बाहेर काढताना, वाळवताना, द्रावकात घालताना घड्या पडू लागतात.

ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यात सेराना येथे एका साखर कारखान्याने १९९० च्या दशकात याचे प्रायोगिक संयंत्र उभारले. साखर स्वतःची, वाफ आणि वीज बगॅसची. पण खरी मेख द्रावकात होती. क्लोरोफॉर्म पीएचबी चांगले विरघळवतो, पण तो विषारी आणि विकत आणायचा. या मंडळींनी वापरले आयसोअमाइल अल्कोहोल. ते कुठून आले? त्यांच्याच डिस्टिलरीतल्या फ्युजेल ऑइलमधून! गरम असताना त्यात पीएचबी विरघळते, जिवाणूंचा चोथा बाजूला काढता येतो, आणि द्राव गार केला की प्लास्टिक बाहेर पडते. मग द्रावक पुन्हा गोळा करून वापरायचा.

एवढे करूनही एक अडचण उरते. पीएचबी इतके शुद्ध असते, की बी म्हणून धरायला कचराच नसतो. थोडेच दाणे पडतात, मोठे होतात आणि त्यांना तडे जातात. शिवाय नेहमीच्या हवेतही त्याची सुतळी हलत राहते, घड्या वाढतच जातात. ताजी भाकरी लवते, शिळी मोडते. भाकरीतही पिठातले स्टार्च असेच पुन्हा स्फटिक धरते. पीएचबीची वस्तू ठेवून ठेवून ठिसूळ होते ती यामुळे. त्यावर उपाय म्हणून बी घालतात. गंमत म्हणजे सॅकरिनही त्यासाठी वापरून पाहिले गेले आहे. साखरेची सवत इथे कामाला आली!

कुजण्याचा हिशोब

कुजताना पाणी आणि जिवाणू आधी गुंत्याच्या भागात शिरतात, घट्ट घड्यांचा भाग मागे राहतो. म्हणून "कुजणारे" एवढा शब्द पुरत नाही. पीएलए कंपोस्टच्या सुमारे ५८ अंशांच्या ढिगात कुजते. शेतातल्या गार मातीत ते फार काळ तसेच पडून राहते. पीएचबी साध्या मातीतही जिवाणू खातात.

मग आपण काय करावे?

पैशाचे गणित असे. सेरानाच्या पद्धतीत १ किलो पीएचबीला सुमारे ३ किलो साखर लागते. २०१९ मध्ये सरकारने साखरेची किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपये ठरवली. तो भाव धरला तरी नुसती साखरच ९३ रुपयांची झाली. पीएलएला कागदावर १ किलोला सुमारे १.२ किलो साखर लागते, प्रत्यक्षात जास्त. त्यामुळे आपल्या देशात पाऊल पडले आहे ते पीएलएकडे. बलरामपूर चिनी मिल्सने उत्तर प्रदेशात कुंभी येथे मोठा पीएलए प्रकल्प उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी प्राज कंपनीने आपल्या जेजुरीला प्रात्यक्षिक संयंत्र सुरू केले.

तेव्हा उद्या कुणी मोठा आराखडा घेऊन आपल्या दारी आला, तर सभासदांनी सभेत तीन प्रश्न जरूर विचारावेत. द्रावक कोणता आणि शंभर लिटरमधला परत किती मिळतो? तयार माल सहा महिन्यांनी लवतो की मोडतो? आणि तो कुजतो कुठे, ढिगात की शेतात? या तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाल्याशिवाय ठेवीला हात वर करू नये.

साखरेचे प्लास्टिक होते, यात शंका नाही. पण नफा साखरेत नाही, दाण्यात आहे. आणि दाणा धरायला किती वर्षांचा हात लागतो, हे आपल्या पॅनमनला विचारा.