नजरेला नजर देऊ नका!

शत्रू समोर आला की त्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु ज्या शत्रूंविषयी मी आज लिहितो आहे, त्यांच्याशी असा बाणा दाखवणारा वीर जागच्या जागी दगड होतो! घाबरू नका. हे शत्रू कागदावर राहतात आणि त्यांच्याशी लढाई होते ती जेवणाच्या टेबलाभोवती.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राचे सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार होतो. तो गुहांचे आणि राक्षसांचे वर्णन करतो, खेळाडू आपण काय करणार ते सांगतात, आणि ते साधले की फसले याचा निकाल बहुधा वीस बाजूंचा फासा देतो. आमच्या घरी रविवारी दुपारी सूत्रधाराचे काम माझ्याकडे असते. खेळाडू म्हणजे माझी पुतणी, दोन भाचे आणि शेजारचा एक मुलगा.

या खेळात राक्षस पुष्कळ आहेत. पण मुलांना खरी धास्ती दोघांची. एक मेड्यूसा. ही ग्रीक पुराणातली. केसांच्या जागी वळवळणारे साप, आणि तिच्याकडे पाहील तो पाषाण. पर्सियसने ढालीतल्या प्रतिबिंबात पाहून तिचे मुंडके उडवले, ही कथा अनेकांनी वाचली असेल. दुसरा बॅसिलिस्क. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन ग्रंथकाराने त्याचे वर्णन एक जहरी साप म्हणून केले आहे. आमच्या खेळात मात्र तो आठ पायांचा सरडा होऊन येतो.

तलवारीचा घाव लागला तर पात्राची शक्ती थोडी थोडी कमी होते. पळून जायला, औषध घ्यायला सवड मिळते. नजरेचा हल्ला ती सवडच देत नाही. १९७४ च्या नियमांत नवख्या योद्ध्याला दगड होण्यापासून वाचायला विसाच्या फाशावर १४ किंवा त्याहून अधिक दान पडावे लागे. म्हणजे शंभरात पासष्ट वेळा पुतळा! महिनोन्महिने जपलेले पात्र एका दानात गेले की अकरा वर्षांच्या मुलाने उरलेली दुपार काय करायचे? भावंडे खेळत असतात आणि हा खिडकीशी जाऊन बसतो. खेळातला राक्षस खोटा असला तरी ते हिरमुसलेले तोंड खरे असते.

हा अन्याय पुढच्या नियमकर्त्यांनाही जाणवला असावा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत नजर चुकवण्याची सोय स्पष्ट झाली. नजर चुकवत लढलात तर निम्म्या वेळा फासा टाकण्याचा प्रसंगच येत नसे. मात्र तुमचे वारही काही वेळा हुकत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने दगड होण्याचे दोन टप्पे केले. बॅसिलिस्कच्या तीस फुटांत तुमची पाळी आली आणि नजरानजर झाली, तर अंगातल्या काटकपणाचे गुण मिळवून फाशावर एकूण १२ हवेत. चुकलात तर हातपाय जखडतात. पुढच्या पाळीच्या शेवटी पुन्हा फासा, आणि तोही चुकला तरच दगड. काटकपणाचे दोन गुण असतील, तर दोन्ही वेळा चुकण्याचा संभव शंभरात वीसच्या आसपास येतो. मेड्यूसा अधिक कडक. तिथे १४ हवेत, आणि पाच किंवा अधिक गुणांनी चुकलात तर दुसरी संधी नाही. तोच संभव शेचाळिसावर जातो.

२०१४ च्या या नियमांत अचानक गाठले गेला नसाल तर पाळीच्या आरंभी नजर फिरवून हा धोका टाळता येतो. पण त्याची किंमत आहे. शत्रू दिसत नाही, म्हणून वार करताना दोन फासे टाकून त्यांतला लहान आकडा धरायचा. एरवी शंभरात पंचावन्न वार लागत असतील, तर आता तीस. उलट शत्रूचे वार अधिक नेमके लागतात. पाहावे तर दगड, न पाहावे तर आंधळी लढाई! प्रत्येक पाळीला ही निवड करायची, हीच या सामन्याची खरी गंमत.

म्हणून मी सूत्रधारांना तीन गोष्टी सुचवतो. पहिली, आगाऊ इशारा. गुहेच्या तोंडाशी दगडी हरिण असावे, चेहऱ्यावर भीती गोठलेला पुतळा असावा. दुसरी, निवड. तीस फुटांच्या पलीकडून बाण मारायला मोकळी जागा ठेवावी, आणि बाजारात पोलादी आरसा मिळू द्यावा. नियमात त्याची किंमत पाच मोहरा आहे. उजेड भरपूर असेल आणि राक्षसाने आपले प्रतिबिंब पाहिले, तर त्याची नजर त्यालाच बाधते. तिसरी, परतीची वाट. दगड झालेल्याला माणसात आणणारा मंत्र वरच्या पायरीला पोचल्यावरच येतो. परंतु बॅसिलिस्कच्या घशातल्या तेलापासूनही हा उतारा बनतो, असे राक्षसांच्या पुस्तकातच लिहिले आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे हेच तेल कामी आले. एका पडक्या किल्ल्याच्या टाक्याजवळ धाकट्या भाच्याचा तलवारबाज दोन्ही दाने चुकून दगड झाला. आठ महिने जपलेले पात्र! त्याचे डोळे भरून आले. शेजारच्या मुलाने लगेच आरसा बाहेर काढला. तोच पुतणी ओरडली, "थांब! त्याला दगड केलास तर तेल कुठून काढणार?"

टेबलाभोवती शांतता पसरली. आरसा हा सोपा उपाय होता. पण त्याने भावाचे औषधच गेले असते. शेवटी तिघांनी माना फिरवून लढायचे ठरवले. धाकट्याला रिकामे बसू द्यायचे नाही म्हणून राक्षसाच्या चाव्याचे फासे मी त्याच्याच हाती दिले. त्याने ते अगदी प्रामाणिकपणे टाकले, आणि बहिणीला दोनदा कडकडून चावलाही! निम्म्याहून अधिक वार हुकले, मांत्रिक जवळजवळ मेला, चहा गार झाला. पण सरडा पडला, तेल निघाले आणि तलवारबाज शिंकत जागा झाला.

आरसा वापरला असता तर ती लढाई बहुधा दोन-तीन पाळ्यांत संपली असती आणि मुले ती विसरूनही गेली असती. भावासाठी आंधळे होऊन लढलेली ती दुपार मात्र त्यांच्या बोलण्यात अजून येते. दिवाळीच्या सुटीत तुमच्या घरी हा खेळ मांडणार असाल, तर बॅसिलिस्कला अवश्य बोलवा. फक्त वाटेवर एखादे दगडी हरिण ठेवायला विसरू नका.