ढकलून दिल्याने सूर येत नाही

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की तरण तलावाच्या काठावर एक सल्ला हमखास ऐकू येतो. पोरगं स्प्रिंगबोर्डच्या टोकाला जाऊन घुटमळत असतं आणि खालून कुणीतरी म्हणतं, ‘द्या ढकलून, एकदा पाण्यात पडला की भीती मोडेल.’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण या खेळाबद्दल इतका चुकीचा आणि इतका चिवट समज दुसरा नाही. सूर मारायला मुख्यतः धाडस लागतं, कौशल्य मागाहून येतं, असं त्यात धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात नवशिक्याला धाडसाची गरज फार थोडी असते. त्याला हवा असतो क्रम, आणि धक्का नेमका तोच क्रम मोडतो.

आधी वेळेचा हिशेब पाहू. एक मीटरच्या फळीवरून नुसतं पाऊल पुढे टाकलं तर अर्ध्या सेकंदाच्या आत माणूस पाण्यात असतो. तीन मीटरवरून पाऊण सेकंदाहून किंचित जास्त लागतो आणि पाण्याला लागताना वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. एवढ्या वेळात विचार करायला सवडच नसते. शरीर जे घोटून बसलेलं असतं तेवढंच करतं. ज्याने काहीच घोटलेलं नाही त्याचं शरीर तोल गेल्यावर कुणाचंही शरीर करेल तेच करतं: मान वर होते, हात फाकतात, पाठ ताणली जाते. मान वर गेली की अंग आडवं होतं, आणि छाती, पोट, मांड्या एकदम पाण्यावर आपटतात. पोटावर उमटलेला तो लालभडक पट्टा मुलाला काय शिकवतो? आपली भीती खरी होती, एवढंच.

दुसरं कारण भौतिकशास्त्रातलं आहे. हवेत गेल्यावर शरीराला नवी फिरकी मिळवता येत नाही. गुडघे छातीशी घेतले तर आहे ती फिरकी वेगवान होते, अंग लांब केलं तर मंदावते, बस. ती किती असावी हे पाय फळीवर असतानाच ठरतं. पाठीवर धक्का बसला की धड पुढे जातं, पाय मागे राहतात आणि मूल दुसऱ्याने दिलेली फिरकी घेऊन निघतं. फळीवर डोकं आपटेल या भीतीने जे स्वतःच पुढे झुकतात त्यांचंही असंच होतं. वर जाण्याऐवजी ते लांब जातात, उंची मिळत नाही आणि फिरणं हाताबाहेर जातं. म्हणजे इथे भीतीचं रूपांतर थेट तंत्राच्या चुकीत होतं. म्हणूनच तिला दामटून चालत नाही.

शिवाय ही भीती खुळी नाही. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ग्रेग लुगानिस या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ डायव्हरचं डोकं तीन मीटरच्या फळीवर आपटलं होतं. टाके घालून तो परत वर गेला आणि त्याने सुवर्णपदक जिंकलं. ही गोष्ट धाडसाचा दाखला म्हणून सांगितली जाते. पण त्या क्षणी त्याच्या कामी आल्या त्या वर्षानुवर्षं घोटलेल्या हजारो उड्या. नवशिक्याच्या गाठीशी त्यातली एकही नसते.

‘पण भीतीला सामोरं गेल्याशिवाय ती जाणार कशी?’ हा आक्षेप रास्त आहे. सामोरं जायलाच हवं. प्रश्न आहे तो किती आणि कुणाच्या मर्जीने जायचं याचा. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ससा त्याच्या मांडीवर टाकला नाही. त्याला आवडीचा खाऊ देत, रोज थोडा जवळ आणला. शेवटी मूल त्याला हात लावू लागलं. पुढे १९७७मध्ये अल्बर्ट बंडुरा यांनी मांडलं की ‘मला हे जमतं’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून जमल्याच्या अनुभवाने. ढकललेल्या मुलाने काही केलेलंच नसतं. जे झालं ते त्याच्यावर झालेलं असतं.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. ‘आमच्या आजोबांना विहिरीत फेकलं, तेव्हाच ते पोहायला शिकले.’ एक तर ही गोष्ट सांगायला उरतात ते शिकलेलेच. जे त्या दिवसापासून पाण्याजवळ फिरकलेच नाहीत, त्यांची मोजदाद कुणी करत नाही. आणि त्या आठवणीत धक्का तेवढा ठळक राहिला आहे. पाठीला बांधलेला सुका भोपळा विसरला गेला, आणि खाली पाण्यात हात पसरून उभा पोहणारा काकाही. पोरं आधी खालच्या पायरीवरून उतरायची, मग वरच्या पायरीवरून उडी, मग काठावरून मुटका, आणि डोक्याकडून सूर सगळ्यांत शेवटी. म्हणजे विहिरीवरचं शिक्षणही पायरीपायरीनेच व्हायचं. परंपरेचा दाखला द्यायचा तर सगळ्या पायऱ्यांसकट द्यावा.

नीट शिकवणाऱ्या ठिकाणी हेच दिसतं. आधी जमिनीवर: हात कानाला चिकटलेले, एका तळव्याने दुसरा हात धरलेला, पोट आत. मग काठावर बसून पाण्यात ओघळणं, मग एका गुडघ्यावर, मग उभं राहून. फळीवर गेल्यावरही सुरुवात पायांकडून सरळ उडीने होते. फळीखाली एक सरकता टेकू असतो. बाजूचं मोठं चाक पायाने फिरवून तो पुढेमागे करतात. टोकाकडे आणला की फळी ताठ होते आणि कमी उसळते. नवख्यासाठी तो पुढे आणून ठेवतात. धाडसच शिकवायचं असतं, तर या चाकाची गरज पडली नसती.

बाकीचे समज थोडक्यात. बोटं टोकदार जुळवून पाण्यात शिरायचं नसतं; तळवा सपाट ठेवून पाण्याला भोक पाडायचं असतं, म्हणजे मागचं अंग त्यातून जातं आणि पाणी कमी उडतं. तलावावर पडणारे पाण्याचे फवारे पाणी मऊ करत नाहीत. हवेत फिरताना पाण्याची पातळी दिसावी म्हणून ते असतात. हातातला छोटा टॉवेल नखऱ्यासाठी नसतो. ओल्या नडगीवरून हात निसटू नये म्हणून अंग पुसायचं असतं. फार वेगाने पोहता यायला हवं असं नाही, पण खोल पाण्यात निवांत तरंगता आलंच पाहिजे. आणि वय निघून गेलं म्हणणाऱ्यांसाठी: मास्टर्स स्पर्धांमध्ये डायव्हिंगचे वयोगट २५ वर्षांपासून पुढे सुरू होतात.

एक समज मात्र एका ओळीत सोडता येत नाही, कारण त्याने माणसं आयुष्यभरासाठी अंथरुणाला खिळतात. पोहता येतं म्हणजे कुठेही सूर मारता येतो, हा तो समज. एक मीटरच्या फळीखाली किमान ३.४ मीटर आणि तीन मीटरच्या फळीखाली किमान ३.७ मीटर पाणी असावं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सोसायटीच्या तलावात अनेकदा छातीएवढंच पाणी असतं. तिथे सूर मारला तर हात तळाला लागून दुमडतात, डोकं टेकतं आणि मागून येणाऱ्या सगळ्या शरीराचं वजन मानेच्या मणक्यांवर येतं. मज्जारज्जू दुखावला की मानेखालचं अंग लुळं पडू शकतं. नदीच्या डोहात आणि विहिरीत धोका आणखी वाढतो, कारण तळ दिसत नाही आणि पातळी ठरलेली नसते. दिवाळीत जिथे बिनधास्त सूर मारला, तिथेच वैशाखात पाणी पुरुषभर खाली गेलेलं असतं आणि तळातला दगड वर आलेला असतो.