विश्लेषण : ‘समर’मधल्या बेलीवर प्रेक्षक एवढे का चिडतात?

‘द समर आय टर्न्ड प्रिटी’ ही अमेरिकी मालिका १७ सप्टेंबर २०२५ रोजी संपली. तीन पर्वे, २६ भाग. मालिका आवडीने पाहणारेच तिच्या पात्रांवर सर्वाधिक वैतागलेले दिसले. हा वैताग येतो कुठून, आणि तो पडद्याबाहेर गेला की काय होते? (मालिका पाहायची असेल, तर पुढे कथानक उघड होणार आहे.)

कथा काय?

जेनी हॅन यांच्या २००९ ते २०११ दरम्यान आलेल्या तीन कादंबऱ्यांवर ही मालिका बेतलेली आहे. बेली दर उन्हाळ्यात कझिन्स बीच या काल्पनिक गावी आईच्या मैत्रिणीच्या, सुझॅनाच्या घरी जाते. सुझॅनाला दोन मुलगे : अबोल कॉनरॅड आणि मनमोकळा जेरेमाया. सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेली बेली या दोन भावांमध्ये अडकते आणि वयाची विशी ओलांडेपर्यंत अडकलेलीच राहते.

राग नेमका कोणावर?

तिघांवरही. कॉनरॅड मनातले बोलत नाही. आईचा कर्करोग उलटल्याचे कळल्यावर तो ते गुपित स्वतःशीच ठेवतो आणि सगळ्यांशी तुसडेपणाने वागतो. जेरेमाया सुट्टीत दुसऱ्या मुलीच्या जवळ जातो आणि ‘तेव्हा आपले नाते तुटलेलेच होते’ अशी सबब सांगतो. बेली त्याला माफ करते, कॉलेज संपण्याआधीच लग्नाला होकार देते आणि पॅरिसला शिकायला जाण्याची संधी सोडते. आई समजावते, तेही ती ऐकत नाही.

एवढे खटकते का?

कारण प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त माहीत असते. तिसऱ्या पर्वाचा पाचवा भाग कॉनरॅडच्या नजरेतून आणि त्याच्याच निवेदनातून उलगडतो. त्याचे प्रेम अजून आटलेले नाही, हे आपण त्याच्या तोंडून ऐकतो. बेली मात्र लग्नाच्या तयारीत असते. एका वाक्याने सुटणारा गुंता भागामागून भाग लांबतो. मराठी मालिकांमधला न मिटणारा गैरसमज पाहून घरोघरी होते, तीच ही चिडचिड. पात्रे वेळीच बोलली, तर कथा तिथेच संपेल, म्हणून लेखक त्यांना बोलू देत नाही.

वयाचाही भाग आहे. भावनांना आवर घालणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. बेलीचे निर्णय त्या वयाला धरूनच आहेत. बेलीच्या आईच्या वयाचा प्रेक्षक मात्र आपल्या अनुभवाची फूटपट्टी तिला लावतो.

दर आठवड्याला राग का वाढत गेला?

२०२२ मध्ये पहिल्या पर्वाचे सातही भाग एकदम आले होते. तिसऱ्या पर्वात सुरुवातीचे दोन भाग सोडले, तर दर बुधवारी एकच. मधल्या सात दिवसांत ‘टीम कॉनरॅड’ आणि ‘टीम जेरेमाया’ समाजमाध्यमांवर भिडत. रागाला निवायला वेळच मिळत नव्हता आणि मालिकेला आयती प्रसिद्धी मिळत होती.

कलाकारांना झळ का?

पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे एकतर्फी नाते जडते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच त्याचे वर्णन केले होते. निळू फुले यांच्या खलनायकी भूमिका पाहून बायका त्यांना प्रत्यक्षातही बोल लावत, असे किस्से आजही सांगितले जातात. पूर्वी हा राग एखाद्या भेटीपुरता असे, आता तो थेट कलाकाराच्या फोनपर्यंत पोहोचतो. म्हणूनच मालिकेच्या अधिकृत खात्यावरून चाहत्यांना आवाहन करावे लागले : पात्रे काल्पनिक असली, तरी ती साकारणारी माणसे खरी आहेत, त्यांना लक्ष्य करू नका.

मग चिडणे चूक का?

मुळीच नाही. बेलीवर चिडताना प्रेक्षक नात्यात काय खपवून घ्यावे आणि काय नाही, हेच ठरवत असतो. घरात एरवी न निघणारा हा विषय मालिकेच्या निमित्ताने आई आणि मुलीत निघू शकतो. मर्यादा एकच : राग बेलीवर असावा, ती साकारणाऱ्या लोला टंगवर नव्हे. अखेर लग्न मोडते, बेली पॅरिसला जाते, एकटी राहायला शिकते आणि मगच कॉनरॅडला होकार देते. प्रेक्षक जे ओरडून सांगत होते, ते तिला कळते, पण तिच्या वेळेने.