पूर्णेपलीकडच्या शाळा

नांदुऱ्याहून जळगाव जामोदला जाताना येरळीच्या पुलावर पूर्णा लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांपैकी जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन पूर्णेच्या उत्तरेला आहेत. खाली खारपाणपट्ट्याची काळी जमीन, तिच्यात कपाशी, सोयाबीन, तूर. वर सातपुड्याच्या रांगा आणि रांगांपलीकडे मध्य प्रदेश. संग्रामपूरच्या डोंगरातले अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते. पाऊसपिकांचे भाकीत करणाऱ्या भेंडवळच्या घटमांडणीमुळे अक्षय तृतीयेच्या सुमारास हा भाग पेपरात येतो. इथल्या जिल्हा परिषद शाळांची आठवण निघते ती निकालाची टक्केवारी लागली की, आणि तीही ‘मागे पडल्या’ एवढ्यापुरती. या शाळांत कोण शिकते, हे आधी पाहायला हवे.

2011च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 25 लाख 86 हजार आणि साक्षरता 83 टक्क्यांच्या वर. बौद्ध आणि मुस्लिम समाज प्रत्येकी साधारण 14 टक्के. अनुसूचित जमाती मात्र पाच टक्क्यांच्या आत. जिल्ह्याच्या आकड्यात आदिवासी मुले अशी बुडून जातात की त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा असे कोणाला वाटतही नाही. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालयसुद्धा अकोल्यात. अकोला आणि वाशीमसह बुलढाण्याचा कारभार तिथूनच चालतो.

पायथ्याच्या मोठ्या गावांत शाळेच्या पटावर कुणबी, माळी, बौद्ध घरांची मुले दिसतात, तर मुस्लिम वस्तीत उर्दू माध्यमाची शाळा असते. डोंगराकडे सरकावे तसा पट बदलतो. कोरकू, भिलाला, पावरा आणि निहाल. सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या गावांची नावे तर जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना ठाऊक आहेत, कारण तिथे निहाली बोलली जाते. या भाषेचे नाते मराठीशी जुळत नाही, शेजारच्या कोरकूशी नाही आणि द्रविड भाषांशीही नाही. जगात तिला सख्खे कोणी नाही. डच अभ्यासक कायपर यांनी 1962 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनीही तिच्या नोंदी केल्या. बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. जनगणनेत दहा हजारांखालच्या भाषेचा आकडा वेगळा छापत नाहीत, त्यामुळे निहाली त्यात सापडत नाही. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही ‘निहाल’ हे नाव ‘कोरकू’च्याच नोंदीत येते.

आता निहाली बोलणाऱ्या घरातले एक लेकरू पहिलीच्या वर्गात येऊन बसते. घरी पाण्याला जोप्पो म्हणतात. शेजारचे कोरकू लेकरू डा म्हणते. फळ्यावर लिहिलेले असते ‘पाणी’. गुरुजींना कित्येकदा या दोन्हींतली एकही बोली येत नसते. त्यात त्यांचाही दोष नाही, कारण बदली झाली म्हणून ते इथे आलेले असतात. तरी ज्या शिक्षकाने कान उघडे ठेवले त्याला वाट सापडते. निहालीत चारपर्यंतचे आकडे वेगळे आहेत, पाचापासून मात्र ते आसपासच्या भाषांतलेच आहेत. म्हणजे चारपर्यंत गुरुजींनी लेकराचे शब्द शिकायचे, मग लेकरू पुढचे आकडे आपसूक उचलते. खडे-चिंचोके मांडून केलेली एवढी तडजोडही पहिलीच्या वर्गात फार मोठी ठरते.

खरी कसोटी सहावीपासून लागते. तोवर बोट ठेवून वाचणाऱ्या मुलापुढे इतिहास, भूगोल, विज्ञान अशी जाड भाषेतली पुस्तके येतात. वाचनाचा पाया आधीच कच्चा असतो. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण महाराष्ट्रात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले 2018 मध्ये सुमारे 42 टक्के होती. कोरोनानंतर, 2022 मध्ये, ती 27 टक्क्यांवर आली. हे सगळ्या ग्रामीण महाराष्ट्राचे झाले, जिथे बहुतेक मुलांच्या घरी मराठीच बोलतात. मराठी ज्याची घरची भाषाच नाही, त्याच्या पाठीवर ओझे दुहेरी. त्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. फेरपरीक्षेतही नापास झाले तर मूल त्याच वर्गात राहते. डोंगरातल्या घरात ‘नापास’ याचा अर्थ बहुधा ‘शाळा सुटली’ असाच होतो.

हजेरीपटही वाचून पाहावा. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की मोठ्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढतात, कारण धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार? आईबाप कामाला परजिल्ह्यात गेले तर सगळे घरच जाते. मुले गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, आणि जिथे ते वेळेवर सुरू होते तिथे पट टिकतो. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकल मिळते तीही आठवीपासून. सहावी-सातवीच्या मुलीने चालतच जायचे.

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत मागितली आहे. पण शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या 15 मार्च 2024च्या शासन निर्णयाने या वर्गांचा पट विसाच्या आत गेला तर नियमित शिक्षकाचे पदच ठेवले नाही. शहरातल्या शाळेला लावायचे माप पाड्यावरच्या शाळेला लावणे चूक आहे. पाड्यावर मुले कमी आहेत याचा अर्थ वस्ती लहान आहे, एवढाच. शिक्षक उचलला तर ती मुले दुसऱ्या शाळेत जाणार नाहीत, शेळ्यांमागे जातील. हा निकष डोंगरी आणि आदिवासी वस्त्यांपुरता तरी मागे घेतलाच पाहिजे.

आणि एक गोष्ट शासन निर्णयाची वाट न पाहता करता येते. शिक्षण हक्क कायद्याच्याच 29व्या कलमात शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मातृभाषेचा रकानाही आहे. विदर्भातल्या शाळा जूनअखेर भरतात. पूर्णेपलीकडच्या गुरुजींना, बाईंना विनंती एवढीच, की नवे नाव दाखल करताना त्या रकान्यात सवयीने ‘मराठी’ लिहू नका. घरी काय बोलता, हे आईला विचारा आणि ती सांगेल ते लिहा: कोरकू, पावरी, निहाली.